ब्राँझच्या स्मारकावरील हिरवा थर घासून काढावा काय? आणि आठवे नाव कोठे घ्यावे?

खाडीकाठचा रहिवासी (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडील अंगाला असलेल्या आमच्या वसाहतीच्या उद्यानात सैन्यदलात कामी आलेल्या जवानांचे एक छोटे स्मारक आहे. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर नळी खाली करून रोवलेली रायफल, तिच्या दस्त्यावर ठेवलेले शिरस्त्राण आणि पायाशी बुटांची जोडी, असे साडेचार फुटांचे ओतीव ब्राँझ शिल्प आहे. चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला सात नावांची ब्राँझचीच पाटी बसवलेली आहे. चौदा वर्षांपूर्वी रहिवाशांनी वर्गणी काढून हे उभारले. ज्या शिल्पकारांनी ते घडवले ते आता हयात नाहीत आणि त्यांची ओतशाळाही बंद झाली आहे, त्यामुळे विचारावे असे कोणी उरलेले नाही.

यंदाचा पाऊस संपल्यावर पाहिले तर शिरस्त्राणाच्या माथ्यावरून हिरवे-काळे ओघळ उतरलेले आहेत, रायफलीचा मूळचा गडद तपकिरी रंग जागोजागी हिरवट झाला आहे, आणि बुटांच्या नाड्यांच्या खोबणीत फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी साचली आहे. डाव्या बुटाखालच्या दगडावर एक तांबूस ओघळही दिसतो, पण तो बहुधा मातीचा असावा. १६ डिसेंबरला विजय दिनाचा कार्यक्रम आहे आणि 'जवानांच्या स्मारकाची ही अवस्था पाहुण्यांना दाखवणार काय' असे समितीतील बहुतेकांचे म्हणणे आहे.

एका कंत्राटदाराने बफिंग यंत्राने सगळे घासून 'आरशासारखे' करून वर सोनेरी लॅकर मारण्याचा दर दिला आहे. काम दोन दिवसांचे आहे. आमच्या एक ज्येष्ठ सभासद ताई म्हणतात की इतका खर्च कशाला, चिंच आणि मीठ लावून चार जणांनी घासले तर देवाच्या उपकरण्यांसारखे लख्ख होईल. मला स्वतःला दोन्ही उपाय पटत नाहीत, पण का पटत नाहीत हे सभेत मांडता आले नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. पाटीवरील तिसरे नाव इतर नावांपेक्षा वेगळे, पिवळसर उजळ दिसते. कंत्राटदाराने तेच बोट लावून दाखवले आणि 'सगळी पाटी अशी करून देतो' असे सांगितले.

दुसरा प्रश्न नावाचा. गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीतील एक तरुण जवान अतिउंचावरील ठाण्यावर तैनात असताना हिमस्खलनात गेला. त्याचे नाव घ्यायचे आहे, पण पाटीवर जागा नाही. काही जण म्हणतात, जुनी पाटी वितळवून हुद्द्यांच्या क्रमाने नवी ओतावी. एका सभासदाने तर 'हे युद्धात गेलेले नाहीत' असाही मुद्दा काढला, तो मला फार लागला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घरगुती उपाय (डोंबिवली)

चिंच-मिठाला इतके हसण्यासारखे काही नाही. आमच्याकडे पणजीच्या काळचा काशाचा तांब्या आहे, तो चारेक पिढ्या चिंचेनेच घासला जातो आणि आजही उत्तम आहे. स्मारक कळकट दिसणे हाच जवानांचा अपमान आहे असे मला वाटते. शास्त्र बाजूला ठेवा, आधी स्वच्छता करा.

ओतारी (पनवेल)

रहिवासी महोदय, मी गेली बावीस वर्षे पुतळ्यांच्या ओतकामात आहे. आपल्या वर्णनात सर्वांत काळजीची गोष्ट आपण 'बहुधा मातीचा' म्हणून एका वाक्यात उरकली आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. तो तांबूस ओघळ कापसाच्या ओल्या बोळ्याने पुसून पाहावा. माती असेल तर ती निघेल आणि परत येणार नाही. आठ दिवसांत ओघळ परत आला तर आतील बोल्ट लोखंडी आहेत आणि ते गंजत आहेत असे समजावे. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असून त्यांच्यामध्ये खारट ओल असेल, तर लोखंड एरवीपेक्षा कितीतरी वेगाने गंजते, कारण दोन धातू आणि ओल मिळून एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झीज लोखंडाच्या वाट्याला येते. शिवाय गंज फुगतो. तो दगड फोडतो आणि पातळ ओतीव भागालाही तडा देतो. बाहेरून शिल्प धडधाकट दिसते आणि त्याचे पाय आतून सुटलेले असतात. मालवणला राजकोट किल्ल्यावरील पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा चौकशीत गंज आणि कमकुवत जोडकाम यांचाच उल्लेख आला होता. आपले शिल्प लहान आहे, तरीही त्याखाली मुले खेळत असतील. बोल्टच्या डोक्याला साधे लोहचुंबक लावून पाहावे. घट्ट चिकटले तर ते सगळे बोल्ट काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवावेत आणि दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत.

आता हिरव्या रंगाविषयी. आपल्या आज्या 'ताक कळकले' म्हणत, ते कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिल्यामुळे. आंबटाने तांबे सुटते आणि त्याचा जंगाल, म्हणजे हिरवा क्षार, पदार्थात उतरतो. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबेच. जुन्या काशात तांब्याबरोबर कथील असे. हल्ली पुतळ्यांसाठी पुष्कळदा ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त व शिसे प्रत्येकी ५ टक्के असे मिश्रण वापरतात. उघड्या हवेत या धातूवर आधी लालसर-तपकिरी थर येतो, मग काळसर आणि पुढे हिरवा. कारखान्यांच्या हवेतील गंधकामुळे येणारा हिरवा थर आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइडमुळे येणारा हिरवा थर दिसायला सारखेच भासतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे असतात.

आपल्या शिल्पावर दोन्ही असावेत. शिरस्त्राणावरील ओघळ कठीण, धातूला घट्ट धरून असलेले आणि बोटाला न लागणारे असतील, तर त्यांना हात लावू नये. तो थर खालच्या धातूचे बऱ्यापैकी रक्षण करतो. नाड्यांच्या खोबणीतील फिकट भुकटी मात्र तशी नाही. क्लोराइड धातूत मुरले की दमट हवेत त्यापासून आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा तोच क्षार तयार होतो, आणि हे चक्र ओल मिळेल तोवर फिरत राहते. आमच्या धंद्यात याला सरळ 'ब्राँझचा रोग' म्हणतात. ओळखण्याची खूण अशी की मऊ ब्रशने भुकटी काढली तरी दमट दिवसांत ती त्याच जागी पुन्हा उगवते आणि खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात.

यावरून चिंच-मिठाचे उत्तर मिळावे. चिंच हे आम्ल आणि मीठ हे क्लोराइड. खाडीचा वारा जे काम चौदा वर्षांत करू शकला नाही, ते आपण एका रविवारी उरकून टाकाल. डोंबिवलीकरांच्या पणजीचा तांब्या टिकला, कारण तो घासल्यावर लगेच भरपूर पाण्याने धुतला जातो, पुसला जातो आणि कपाटात बसतो. शिल्पाच्या नाडीत, पट्ट्याच्या वळीत आणि अक्षरांच्या कडेला मुरलेले मीठ कोणी पुसू शकत नाही.

बफिंगवर माझा राग अधिक आहे, कारण तेथे कलाकृतीच जाते. हे शिल्प कसे घडले असेल ते पाहा. आधी मातीचे मूळ काम, त्यावरून साचा, साच्यातून काही मिलिमीटर जाडीची मेणाची पोकळ प्रत, त्या प्रतीवर आतून-बाहेरून उष्णता सोसणारे लिंपण, मग भट्टीत मेण वितळवून काढणे आणि रिकाम्या झालेल्या जागेत अकराशे अंशांच्या आसपासचा रस ओतणे. थंड झाल्यावर सांधे जोडून, कानस आणि छिन्नीने प्रत्येक टाका उठवून, शेवटी ज्योतीने धातू तापवत त्यावर रसायन मारून तो गडद तपकिरी रंग आणला जातो. तो रंग मळ नव्हे, शिल्पकाराने निवडून दिलेला शेवटचा हात आहे. बफिंगचे चाक आधी तो रंग उडवते, मग नाड्यांचा पीळ, मग पट्ट्याची वीण. पाटीवरील उठावाची अक्षरे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उंच असतात. दर दोन वर्षांनी बफिंग केलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत. त्यांवरील नावे साबणाच्या वडीवरच्या छापासारखी विरलेली होती. लॅकरचे म्हणाल तर ते खाऱ्या हवेत एखाद्या ठिकाणी सुटते, तेथून ओल आत शिरते आणि थराखाली पसरत जाते. मग ते सगळे काढण्यासाठी पुन्हा रसायने आली.

मग करावे काय? बोल्टचे काम झाल्यावर कोरड्या दिवशी सकाळी शिल्प धुवावे. बोअरचे पाणी वापरू नये. आमच्या भागातील बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. सुरुवातीला नळाचे पाणी आणि त्यात सौम्य साबणाचे चार थेंब चालतील, पण शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करावे. ब्रश मऊ केसांचा असावा, तारेचा किंवा भांडी घासायची हिरवी घासणी मुळीच नसावी. सुती कापडाने टिपून दोन-तीन तास उन्हात पूर्ण वाळू द्यावे. धातू उन्हाने कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी स्वच्छ कापडाने चोळावे आणि दुसरा हात द्यावा. मेणामुळे रंग खोल आणि सतेज दिसतो, पाहुण्यांपुरती शोभा तेवढ्यात येते. खाडीकाठी हे वर्षातून दोनदा करावे, एकदा मे महिन्यात पावसाआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. आधी बुटाच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर वीतभर करून आठ दिवस पाहावे.

रोगट भुकटीवर मात्र घरचे उपचार नकोत. ती भिंगाखाली टोकदार हत्याराने कणाकणाने काढून त्यावर बेंझोट्रायाझोल या रसायनाचा लेप देतात. ते विषारी आहे आणि प्रमाण चुकले तर डाग पडतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे, तेथे छायाचित्रे दाखवून सल्ला विचारावा. छायाचित्रे काढताना शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी डाग वाढला की नाही ते मोजता येईल.

आणखी तीन किरकोळ गोष्टी. झेंडूचे ओले हार रात्रभर राहिले की काळे डाग पडतात, तेव्हा कार्यक्रम संपताच ते उतरवावेत. नारळ चौथऱ्यावर फोडू नये. आणि कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांना दुसरी जागा दाखवावी, कारण कबुतरांच्या विष्ठेने ब्राँझ खडबडते.

खाडीकाठचा रहिवासी

ओतारी साहेब, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आज सायंकाळी लोहचुंबक घेऊन गेलो होतो. चारही बोल्टना ते असे चिकटले की काढताना जोर लावावा लागला. शिल्पाला आणि पाटीला मात्र कोठेही चिकटले नाही. तांबूस ओघळ पुसला आहे, आठ दिवस वाट पाहतो.

तिसऱ्या नावाविषयी आपण काही लिहिले नाही. तेवढ्याच भागाचे मिश्रण वेगळे पडले असेल काय?

ओतारी (पनवेल)

मिश्रण वेगळे पडत नाही. एकाच मुशीतून एका दमात ओतलेली पाटी आहे. ब्राँझचा एखादाच भाग उजळ राहतो तेव्हा तेथे कोणाचा तरी हात वरचेवर लागत असतो. देवळातील पितळी उंबरठा किंवा घंटेचा लोलक आठवावा. आपल्या उद्यानात त्या नावावरून बोटे फिरवणारे कोणी नियमित येते काय, हे माळ्याला विचारा.

निवृत्त सुभेदार (नेरुळ)

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. धातूचे मला काही कळत नाही, ते ओतारी साहेबांनी उत्तम सांगितले आहे. सोनेरी रंग आणि नावे या दोन गोष्टींवर लिहितो.

आपले शिल्प ज्या मुद्रेत आहे ती सैनिकाला सांगावी लागत नाही. 'शोक शस्त्र' या हुकुमावर आम्ही नळी जमिनीकडे करतो आणि मान खाली घालतो. दिल्लीत इंडिया गेटखाली २६ जानेवारी १९७२ रोजी ज्या अमर जवान ज्योतीचे उद्घाटन झाले, तेथेही काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी रायफल आणि शिरस्त्राण हीच रचना होती. तेथील ज्योत २१ जानेवारी २०२२ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. शोकाच्या या मुद्रेला सोनेरी लॅकर मारणे मला तरी तेराव्याला सनई लावण्यासारखे वाटते.

ब्राँझ कमी प्रतीचा धातू आहे अशी समजूत असेल तर समितीला एक गोष्ट अवश्य सांगा. आपल्या देशाचा युद्धकाळातील सर्वोच्च सन्मान परमवीर चक्र हा ब्राँझचा असतो. त्याच्या खालच्या क्रमाचे महावीर चक्र आणि वीर चक्र हे चांदीचे. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली, त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृती आहेत, आणि ते सुमारे साडेतीन सेंटीमीटर व्यासाचे, जांभळ्या फितीत अडकवलेले साधे ब्राँझचे वर्तुळ आहे. ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान व्हिक्टोरिया क्रॉसही ब्राँझचाच. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि तेथेच कामी आले, त्यांना तो मरणोत्तर मिळाला. ज्यांनी धातू निवडला त्यांनी विचार करूनच निवडला असणार.

आता हिमस्खलनाविषयी. ज्या सभासदांनी 'युद्धात गेलेले नाहीत' असे म्हटले, त्यांना कृपया दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील वीरता चक्र हे दालन पाहून यायला सांगा. तेथे सहा ब्राँझ भित्तिशिल्पे आहेत. त्यांत लोंगेवाला आणि रेझांगला या लढायांच्या ओळीत ऑपरेशन मेघदूतही आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनवर सुरू झालेल्या त्या मोहिमेत शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि बर्फाच्या कड्यांनी अधिक जवान नेले, हे सैन्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या मोहिमेला तेथे रेझांगलाच्या शेजारी जागा मिळते, तर तुमच्या जवानाच्या नावाला तुमच्या उद्यानात जागा मिळण्यात अडचण कसली? त्या ठाण्यावर तो सहलीला गेलेला नव्हता.

क्रमाबाबत माझे मत स्पष्ट आहे: हुद्द्याने क्रम लावू नका. खडकीच्या राष्ट्रकुल युद्ध दफनभूमीत कधी गेलात तर दिसेल की अधिकारी आणि शिपाई यांच्या शिळा एकाच मापाच्या आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच हुद्दा, वंश आणि धर्म यांनुसार भेद करायचा नाही असे ठरवून त्या बसवल्या गेल्या. तुम्ही तारखेने क्रम लावा. जो आधी गेला तो वर. म्हणजे पुढे कधी नाव वाढले तर ते आपोआप शेवटी येते आणि जुनी पाटी कोणी वितळवत नाही. दिल्लीच्या त्याच स्मारकातील त्याग चक्रात, म्हणजे नावांच्या भिंतींवर, उद्घाटनाच्या वेळी, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, पंचवीस हजारांहून अधिक नावे होती आणि प्रत्येक नावाची ग्रॅनाइटची पट्टी स्वतंत्र आहे. तुम्हीही आठव्या नावाची स्वतंत्र पट्टी ओतून मोठ्या पाटीखाली बसवावी. खाली आणखी जागा राहील ती राहू द्या. देव करो आणि ती रिकामीच राहो.

मजकूर लिहिताना 'शहीद' हा शब्द टाळता आला तर टाळा. हा शब्द सैन्याच्या अधिकृत लिखाणातला नाही आणि २०२२ मध्ये लष्कराने आपल्या सर्व विभागांना तो न वापरण्याविषयी कळवलेही होते. हुद्दा, नाव, पलटण, दिनांक, ठिकाण आणि 'कर्तव्य बजावताना वीरगती' एवढे पुरे. विशेषणे नकोत.

शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. नावाची अक्षरे कुटुंबीयांना दाखवून आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदीशी ताडून मगच साचा करा. माझ्या गावाकडील एका स्मारकावर माझ्या जोडीदाराच्या नावाखाली त्याच्या वडिलांचे नाव लिहिताना एक काना राहून गेला. ज्यांनी पाटी बसवली त्यांनी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून हात झटकले. दरवर्षी २६ जुलैला म्हातारबा खिशात खडू घेऊन येत, तो काना स्वतः काढत, मग हार घालत. पुढच्या पावसात तो धुऊन जाई.

वीरगळवेडा (कळवा)

सुभेदार साहेबांचे वाचून दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या. आपण ज्या ठाण्यात राहतो ते शिलाहारांचे श्रीस्थानक. येथून फार लांब नसलेल्या बोरिवलीच्या एक्सरमध्ये त्या काळाचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, उभे आहेत आणि त्यांवर वल्ही मारणाऱ्या नौकांची लढाई कोरलेली आहे. खालच्या पट्टीत युद्ध, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ही आपल्याकडील वीरगळांची नेहमीची मांडणी. गावोगावी मी असे वीरगळ पाहतो तेव्हा त्यांना पावसाने फारसे बिघडवलेले नसते. शेंदूर आणि ऑइल पेंट यांचे थर एकावर एक चढवून भक्तांनीच ढाल कोठे, तलवार कोठे हे कळेनासे केलेले असते. कंत्राटदाराच्या सोनेरी डब्याकडे पाहताना मला तेच आठवते. बाजारात 'ब्राँझ पेंट' म्हणून मिळतो तोही असाच. वर्षभरात तपकिरी पडतो, मग त्यावर दुसरा हात.

घरगुती उपाय (डोंबिवली)

मिठाचा मुद्दा मला खरोखर ठाऊक नव्हता. माझी सूचना मागे घेतो. तांब्या मात्र चिंचेनेच घासणार.

खाडीकाठचा रहिवासी

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक गोष्ट करून पाहूनच लिहायचे ठरवले होते.

तांबूस ओघळ सहाव्या दिवशी परत आला. गेल्या रविवारी एका अनुभवी फिटरला बोलावून, शिल्पाला दोरखंडाचा आधार देऊन, एकेक बोल्ट काढला. डाव्या बुटाखालचा बोल्ट मधोमध पेन्सिलीएवढा उरला होता आणि भोकातून निघालेला गंज चहाच्या कपभर भरला. तो कप मी सभेत टेबलावर ठेवला. त्यानंतर सोनेरी लॅकरचा विषय कोणी काढला नाही. नवे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वॉशरसह बसले आहेत. शिल्पाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले भोक सिमेंटने बुजलेले होते, तेही फिटरनेच दाखवून मोकळे केले.

बुटाच्या मागे वीतभर मेण लावून पाहिले. रंग उन्हाळ्यातील ओल्या मातीसारखा खोल आला. उरलेले काम येत्या शनिवारी आहे आणि चिंचवाल्या ताईंनी स्वतःहून सुती कापडे जमवण्याचे काम अंगावर घेतले आहे. नाड्यांतील भुकटीची छायाचित्रे पट्टी ठेवून काढून संवर्धन केंद्राकडे पाठवली आहेत. तोवर तेथे फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवायचा असे ठरले आहे.

तिसऱ्या नावाचे माळ्याला विचारले. त्याने सांगितले की दर महिन्याला एकदा, सकाळी सातच्या आधी, त्या जवानाच्या आई रिक्षाने येतात, चप्पल बाजूला काढून पाटीसमोर बसतात आणि नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवून निघून जातात. चौदा वर्षे हे चालू आहे आणि आम्हा समितीवाल्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हते. शनिवारी पाटीलाही मेण लागेल. त्या नावावरचे ते टिकणार नाही, पुन्हा लावायचेही नाही.

आठव्या नावाची पट्टी स्वतंत्र करायची आणि क्रम तारखेचा, हे एकमताने मंजूर झाले. ज्यांनी आक्षेप घेतला होता त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिले. काल मजकुराचा कागद घेऊन मी त्या जवानाच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग पेन मागितले आणि पलटणीच्या आकड्यातील एक चूक दुरुस्त करून दिली. आम्ही १७ लिहिले होते, तेथे ७ हवे होते. कागद सोमवारी ओतशाळेत जाईल.